नफ्यातली छाटणी आणि आपली खतावणी

कापडाच्या व्यापाऱ्याने संगणकाच्या कंपन्यांवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही दुकानात, गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो. संगणक आजही आम्हाला धड चालवता येत नाही. पण खरेदी, विक्री, माणसे ठेवणे आणि माणसे कमी करणे ही चार कामे आम्ही तीस वर्षे केली आहेत. मोठमोठ्या कंपन्यांत सध्या जे चालले आहे, ते यांपैकी चौथ्या कामाबद्दलच आहे. त्याची झळ आता नालवाडीतल्या आमच्या घरापर्यंत पोहोचली, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमचा भाचा २०१९ पासून पुण्यात एका मोठ्या संगणक कंपनीत होता. कंपनीचे नाव लिहीत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात एका सकाळी त्याला वर बोलावले गेले. समोर दोन अधिकारी बसले होते. "तुमच्यासाठी सध्या काम नाही. आजच राजीनामा दिलात तर अनुभवाचा दाखला चांगला मिळेल, नाही तर आम्हाला काढावे लागेल," असे त्याला सांगण्यात आले. पोर घाबरले आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. संध्याकाळी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून तो खोलीवर गेला. सहा वर्षांच्या नोकरीचा निकाल एका दिवसात लागला.

तो घरी परतला, तेव्हा आमच्या बहिणीने मोहल्ल्यात सांगितले की कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आहे. दोन महिने हीच गोष्ट चालली. पोराच्या डोक्यावर पुण्यातल्या घराचे कर्ज आणि इकडे धाकट्या भाचीच्या सोयरिकीची बोलणी सुरू. मुलाकडच्यांना कळले तर काय म्हणतील, या भीतीने घरातले सगळे खोटे बोलत होते. चोरी केल्यासारखा तो दुपारी अंग चोरून दुकानात येऊन बसे.

कंपनी बुडाली नव्हती

आमच्या पिढीला नोकरी जाण्याचे एकच कारण माहीत होते. मालक बुडाला, गिरणी बंद पडली, दुकानाला टाळे लागले, म्हणजे नोकरी जायची. येथे तसे काही नाही. भाचा ज्या कंपनीत होता ती निराळी. पण हा धंदा कसा चालतो हे समजण्यासाठी देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे जाहीर झालेले आकडे पाहू.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, या कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले की वर्षभरात आपली सुमारे दोन टक्के माणसे कमी करणार. हा आकडा सुमारे १२ हजारांचा होता, आणि त्यात मुख्यतः मधल्या व वरच्या दर्जाचे लोक असतील असे सांगितले गेले. जूनअखेर कंपनीत ६ लाख १३ हजार माणसे होती. सप्टेंबरअखेर ती ५ लाख ९३ हजारांवर आली. नवी भरती, आपण होऊन गेलेले आणि काढलेले असे सर्व धरून तीन महिन्यांत जवळजवळ २० हजारांची घट. याच तीन महिन्यांत कंपनीने छाटणीच्या खर्चापोटी १,१३५ कोटी रुपये मांडले. आणि नफा? त्याच तीन महिन्यांचा निव्वळ नफा १२ हजार कोटींच्या वर होता. त्याआधीच्या २०२४-२५ या पूर्ण वर्षाचा नफा ४८ हजार ५५३ कोटी होता.

हे फक्त हिंदुस्थानात घडते असे नाही. २०२२ या वर्षात गुगलच्या मूळ कंपनीला सुमारे ६० अब्ज डॉलर नफा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिने १२ हजार माणसे काढण्याची घोषणा केली. फेसबुकच्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यालयातल्या १४ हजार जागा कमी करायचे ठरवले. यांतल्या कोणाच्याही दाराला टाळे लागलेले नाही.

मग हे होते कसे? व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगतो. कोरोनाच्या काळात जगाचे सगळे व्यवहार संगणकावर आले आणि या धंद्यात तेजी आली. २०२१-२२ या एका वर्षात एकट्या टीसीएसमध्ये निव्वळ १ लाख ३ हजारांवर माणसे वाढली. तेजीत आपणही असेच करतो. लगीनसराईचा अंदाज चुकतो आणि गांधीबागेतून उचललेले गठ्ठे अंगावर पडतात. पुढे मागणी मंदावली. परदेशी गिऱ्हाइकांनी नवी कामे पुढे ढकलली. ज्या माणसाच्या वेळेचे बिल गिऱ्हाइकावर लागत नाही, त्याला या धंद्यात 'बेंचवर' आहे म्हणतात. आपल्या भाषेत फळीवर पडून राहिलेला ताका. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियम केला की प्रत्येक माणसाचे वर्षात किमान २२५ दिवस बिल लागले पाहिजे आणि बेंचवर त्याचे ३५ दिवसांहून जास्त जाता कामा नयेत.

पडलेला माल आपण भाव उतरवून काढतो. माल तक्रार करत नाही, त्याला घरी म्हातारी आई नसते. आणि मुख्य म्हणजे तो माल आपण आपल्या अकलेने खरेदी केलेला असतो. अंदाज चुकला तर घस आपण सोसायची, हा बाजाराचा रिवाज आहे. या कंपन्यांत मात्र जास्त भरतीचा निर्णय घेणारे एक आणि त्याची घस सोसणारे दुसरेच. आमचा आक्षेप येथे आहे. माणसे कधीच कमी करू नयेत, असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. कमी करण्याची वेळ येते. पण भरल्या गल्ल्यावर बसून, पोराकडून राजीनामा लिहून घेऊन, 'तूच गेलास' असे कागदावर दाखवायचे, याला धंदा म्हणता येत नाही.

जुनी गिरणी, नवे यंत्र

काही लोक म्हणतात, नव्या बुद्धिमान यंत्रांनी कामे खाल्ली. टीसीएसच्या प्रमुखांनी मात्र तेव्हा सांगितले होते की ही छाटणी यंत्रामुळे नाही, काही माणसांचे कौशल्य नव्या कामाला जुळत नाही म्हणून आहे. यात खरे किती हे काळ ठरवील. पण यंत्र आले म्हणून घाबरून जाण्याचे आपल्या समाजाला तरी कारण नाही. मालेगाव, भिवंडी, कामठी येथल्या आपल्या बांधवांनी हातमाग पाहिला, यंत्रमाग पाहिला, आता शटललेस माग पाहत आहेत. दर वेळी काही हात रिकामे झाले. यंत्र थांबवता येत नाही. पण बदलाची किंमत कोणी द्यायची हे माणसेच ठरवतात.

या बाबतीत नागपूरची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आपल्या वर्धा जिल्ह्याचा कापूस जवळ, कोळसा जवळ, म्हणून मुंबई सोडून ते येथे आले. त्याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. तेव्हा तसे करायला भाग पाडणारा कोणताही कायदा देशात नव्हता. पुढे शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, ती गिरणी टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आता तेथे मॉल उभा आहे. आमचे वडील त्या गिरणीचा माल विकत आणि कापडाच्या काठावरचा शिक्का गिऱ्हाइकाला अभिमानाने दाखवत. ज्या घराण्याने कायदा नसताना पेन्शन दिली, त्याच घराण्याच्या नावाची कंपनी आज नफ्यात असताना माणसे कमी करते, हा केवढा पालट आहे!

गिरण्यांच्या बाबतीत आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळात गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणात भिवंडी आणि मालेगावच्या मागांवर आले. आपल्या घरात बरकत आली, नवे माग बसले. गिरणगावातल्या चुली विझत होत्या, त्यांची चौकशी आपल्यापैकी फार थोड्यांनी केली. दुसऱ्याची नोकरी जाते तेव्हा ती बातमी असते, हे आम्हाला आमचा भाचा परत आला तेव्हा उमगले.

आमच्याच वहीतले पान

आता जे लिहितो ते लिहायला जड जाते. पण ते टाळून वरचे सगळे लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही.

भाचा दुकानात बसू लागला तेव्हा त्याला काही काम द्यावे म्हणून आम्ही म्हटले, जुनी वहीखाती संगणकात चढव. तो मन लावून बसला. पहिल्या आठवड्यात त्याने दाखवून दिले की शर्टिंगचे चाळीसेक ताके तीन वर्षांत हललेच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तो २०२० ची वही घेऊन आमच्यासमोर आला.

आमच्याकडे एक सेल्समन होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. २००१ मध्ये लागले. गिऱ्हाईक दारात चढले की कोणता रंग मागणार हे ओळखत. २०२० ची लगीनसराई टाळेबंदीत गेली आणि दुकान तोट्यात आले. नोव्हेंबरमध्ये आम्ही चाचांना सांगितले, "सध्या घरीच राहा, पुढे बघू." ते 'पुढे' कधी आले नाही. त्यांचा पगार तेव्हा ९ हजार होता. त्या महिन्याचा पगार दिला आणि विषय संपला.

भाच्याने पानावर बोट ठेवले. "मामू, यांना किती दिले?"

"पगार पुरा दिला."

"आणि कागद?"

"आपल्यात कागद कशाला, बेटा?"

तो काही बोलला नाही. त्याच पानावर खालच्या बाजूला, त्याच महिन्यात, नव्या काचेच्या काऊंटरचे ६२ हजार रुपये लिहिलेले होते. आमच्याच हाताचे अक्षर.

आमचा समज असा होता की नोकरकपातीचा कायदा गिरण्यांसाठी आणि कारखान्यांसाठी असतो. भाच्याने वाचून दाखवले. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागत असे. दुकानातला नोकरही त्यात येत होता. ग्रॅच्युइटीला दहा माणसांची अट आहे, म्हणून ती आमच्या लहान दुकानाला लागू नव्हती. पण हे देणे लागू होते. एकोणीस वर्षांचे साडेचार हजारांप्रमाणे ८५ हजार ५०० आणि नोटिशीचे ९ हजार, एकूण ९४ हजार ५०० रुपये. पाच वर्षे आम्ही एका माणसाचे एवढे देणे अंगावर घेऊन उजळ माथ्याने फिरत होतो आणि पुण्याच्या कंपनीला बोल लावत होतो. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आम्ही पोरांकडून तोंडपाठ करून घेतो. चाचांचा घाम तर पाच वर्षांपूर्वीच वाळला होता.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. एकदम देण्याची ऐपत नव्हती, तसे सांगितले आणि दहा हप्ते कबूल केले. चाचांनी चहा पाजला आणि म्हणाले, "शेठ, तारखा कागदावर लिहून द्या." आम्ही लिहून दिल्या.

नालवाडीचा जुना हिशेब

आमच्या नालवाडीत मजुरीचा हिशेब एकदा निराळ्या रीतीने झाला होता. १९३० नंतरच्या काळात विनोबा भावे येथे राहत होते. सूत कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हा प्रश्न त्यांना पडला. कागदावर गणित करण्याऐवजी ते स्वतः रोज तासन् तास कातत बसले आणि त्या मजुरीतच भागवून पाहू लागले. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे असे धोरण स्वीकारले. त्याने खादी महागणार होती, गिऱ्हाईक तुटण्याची भीती होती, तरी स्वीकारले. आम्ही गिरणीचे आणि यंत्रमागाचे कापड विकणारे. खादीशी आमचा व्यवहार नाही. पण मजुराच्या जागी बसून मजुरीचा हिशेब करण्याची ती रीत आपल्या व्यापाऱ्यांनी उचलावी असे आम्हाला वाटते. छाटणी ठरवणारा साहेब महिनाभर त्या पोराच्या कर्जाच्या हप्त्यावर जगून पाहील, तर कागदावरचे दोन टक्के त्याला निराळे दिसतील.

काय करावे

ज्यांची मुले अशा नोकऱ्यांत आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की राजीनामा आणि छाटणी यांत कायद्याने फार अंतर आहे. राजीनाम्यावर सही केली की छाटणीची भरपाई मागण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. त्याच दिवशी, त्याच खोलीत सही करू नये. जे सांगतात ते लेखी मागावे. नेमणुकीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या घरी जपून ठेवाव्यात. जाणत्या वकिलाला किंवा कामगार कार्यालयात विचारावे. पुण्यात संगणक कर्मचाऱ्यांची संघटना आहे. टीसीएसमध्ये जबरदस्तीने राजीनामे घेतले गेल्याची तक्रार तिने सरकारकडे केली. कंपनीने संघटनेचे म्हणणे चुकीचे असल्याचे सांगितले. वाद काहीही असो, एकट्या पोरापेक्षा संघटनेचे पत्र जड असते.

कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखान्यांत छाटणीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० कामगारांची होती, ती आता ३०० झाली. दुसरीकडे, छाटणी झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांचा पगार वेगळ्या निधीत भरावा, अशी तरतूदही आली. पण 'कामगार' कोणाला म्हणायचे, हा जुना प्रश्न कायम आहे. व्यवस्थापनाचे काम करणारा, किंवा देखरेखीचे काम करून महिन्याला १८ हजारांहून अधिक पगार घेणारा, त्यात येत नाही. मधल्या दर्जाच्या पोरांची अडचण येथेच होते.

घरच्यांनी एका पगारावर सगळा संसार टांगू नये. मुलगा पुण्याला लागला म्हणून बापाने दुकान विकले, माग भंगारात दिले, अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. शिक्षण सोडा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जे चाळीस ताके आम्हाला तीन वर्षांत दिसले नाहीत, ते शिकलेल्या पोराला आठवड्यात दिसले. शिकवा, भरपूर शिकवा, पण घरचा हुन्नर आणि घरचे दुकान जिवंत ठेवा. आणि नोकरी गेली तर लपवू नका. भाचीच्या सासरकडच्यांना शेवटी आम्ही स्वतः जाऊन खरे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की कर्ज किती उरले आहे. सोयरीक मोडली नाही. दोन महिने आम्ही उगाच घाबरलो होतो.

आणि शेवटी स्वतःबद्दल. आपल्यापैकी प्रत्येकाकडे कोणी ना कोणी कामाला आहे. शिलाईचा कारागीर, मागावरचा विणकर, हमाल, सेल्समन. त्याच्या लागण्याची तारीख लिहून ठेवा. एक साधी नेमणुकीची चिठ्ठी द्या. ई-श्रममध्ये त्याचे नाव नोंदवून घ्या. लहान धंद्याला हे परवडत नाही, असे काही बांधव म्हणतील. ९ हजार पगाराच्या माणसामागे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याला ३७५ रुपये बाजूला टाकायचे. आम्ही ते एकोणीस वर्षे टाकले असते, तर चाचांना हप्त्यांच्या तारखा मागाव्या लागल्या नसत्या.

भाच्याला आता नागपुरात एका लहान कंपनीत काम लागले आहे. पगार पुण्यापेक्षा कमी आहे. रविवारी तो घरी येतो आणि आमची वही तपासतो. चाचांचे तीन हप्ते गेले, सात बाकी आहेत.